उतरावं लागू नये म्हणून

म्हाळू करे शाळेच्या फाटकाशी आले तेव्हा मधली सुट्टी चालू होती आणि फाटकाला आतून कुलूप होतं. त्या हिवाळ्यात आम्ही मुलांना मैदानावर सोडत नव्हतो. डबे वर्गातच खायचे, बाहेर जायचं तर तिघातिघांनी, आणि सोबत मी. म्हाळूआबांनी टोपी काढून हातात घेतली आणि फाटकाच्या गजांतूनच विचारलं, की टायर कधी बनला ते टायरवरच लिहिलेलं असतं म्हणतात, ते मला वाचता येईल का. शनिवारी शाळा सकाळची असते, मी शिरूरला राहते, तर घरी जाताना टायरच्या दुकानापर्यंत यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी हो म्हटलं, पण मला नवल वाटलं. करेवस्तीच्या शाळेत मला सहा वर्षं झाली होती आणि या माणसानं कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. वय छपन्न-सत्तावन्न. बोलणं कमी. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि म्हाळूआबाही विशीपर्यंत त्यांच्या मागे चालले होते. पुढे घोड नदीच्या पाण्यावर जमीन भिजायला लागली, मेंढरं विकली, आणि बारा वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. सकाळी कांद्याच्या गोण्या शिरूरच्या मार्केट यार्डात टाकायच्या, परत येऊन वस्तीवरच्या अकरा बायकांना लागणीला किंवा खुरपणीला न्यायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, असा त्यांचा दिवस. गाडी मुळात पांढरी. पण माझ्या पाहण्यात ती चिखलाच्याच रंगाची होती.

फाटकाशी उभे असताना ते माझ्याशी बोलत होते आणि दर दोन वाक्यांनंतर मागे वळून उसाकडे बघत होते. त्यात विशेष काही नव्हतं. त्या दिवसांत आम्ही सगळेच तसे बघायचो. नदीपलीकडच्या गावात, बांधावर गवत कापायला बसलेल्या एका म्हातारीला बिबट्यानं ओढत नेलं होतं. त्यानंतर वनखात्याचे पिंजरे लागले. रानात जाणाऱ्या बायका गळ्यात पट्टे घालायला लागल्या. चामड्याचे, बाहेरच्या अंगाला खिळे असलेले. एरवी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतात तसे.

म्हाळूआबांचं भिणं मात्र वेगळं होतं. ते का, हे मला शनिवारी कळलं.

बाह्यवळणाच्या तोंडाशी विश्वजीतचं टायरचं दुकान आहे. मी पोचले तेव्हा पिकअप जॅकवर होती आणि फुटक्या टायरचं चाक हौद्यातून खाली काढून ठेवलेलं होतं. विश्वजीत तिशीचा, बोलका. त्यानं टायर रिममधून काढला, त्याचं पोट उलटं करून म्हाळूआबांसमोर धरलं आणि आतून बाहेर आलेले दोरे बोटानं दाखवले. फुटला तो हा. मग त्यानं उरलेले तीन टायर एकेक करून फिरवले. उजव्या बाजूच्या मागच्या टायरला आतल्या अंगानं वीतभर चीर होती. कापलेल्या उसाची बुडखी रस्त्याकडेला असतात, त्यावरून चाक गेलं की अशी चीर पडते. विश्वजीतनं चिरेत स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं. ते सहज आत गेलं. हा उद्याही फुटला असता, आणि फुटला नाही हे तुमचं नशीब, असं त्याचं म्हणणं पडलं.

म्हाळूआबा तिथल्या बाकड्यावर बसले. त्यांच्यासाठी मागवलेला चहा त्यांनी हातात घेतला आणि तो त्यांच्या धोतरावर सांडला. विश्वजीत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, आणि तेव्हा, मी काही न विचारता, त्यांनी मला चारीच्या, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याकडेच्या, रस्त्यावर काय झालं ते सांगितलं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. रंगुबाईंच्या टोळीला मारुतरावांच्या रानात कांदालागणीचं काम होतं. रंगुबाई म्हणजे या अकरा बायकांच्या मुकादम, चाळिशीच्या पुढच्या, काटक. त्या दिवसांत सगळे पाचला काम थांबवायचे. पण एकच वाफा राहिला होता, रोपं उपटून ठेवलेली होती, आणि मारुतरावांनी तेवढा लावून घ्यायला सांगितलं. गाडी निघाली तेव्हा सूर्य टेकला होता.

पाटाच्या चारीकडेनं जो कच्चा रस्ता आहे त्याच्या मधल्या तुकड्यात दोन्ही बाजूंना ऊस आहे. तिथे मागचा डावा टायर फुटला. भरल्या गाडीला जॅक उचलेना, म्हणून बायकांना खाली उतरावं लागलं. त्या गाडीभोवती दाटीनं उभ्या राहिल्या. एकीनं जेवणाच्या ताटावर खुरपं वाजवायला घेतलं. म्हाळूआबा चाकाशी बसले. नट गंजलेले होते, पान्यावर उभं राहून जोर लावावा लागत होता. सहापैकी तीन निघाले.

मग उसात पाचट वाजलं.

एकदाच. पण वाऱ्यानं वाजतं तसं नाही. पाय टेकल्यावर वाजतं तसं. सात-आठ हातांवर. ताट वाजवणारीचा हात थांबला.

म्हाळूआबा उठले, केबिनचं दार उघडलं, आत बसले, दार ओढून घेतलं आणि काच वर केली.

हे सांगताना ते दुकानाच्या फरशीकडे बघत होते. आपण हे केव्हा केलं ते आपल्याला कळलंच नाही, असं ते दोनदा म्हणाले. कळलं तेव्हा हात काचेच्या मुठीवर होता आणि काच पूर्ण वर होती. काचेतून रंगुबाईंनी त्यांच्याकडे मान वळवलेली दिसली. बाकीच्या बायका दुसऱ्या बाजूनं हौद्यात चढत होत्या, आणि जॅकवरची गाडी डुलत होती. तेजश्री, वस्तीवर नुकतीच लग्न होऊन आलेली पोरगी, सगळ्यांत शेवटी होती. तिचा एक पाय अजून जमिनीवर होता तेव्हा उसाच्या कडेला बिबट्याचं डोकं आणि खांदे बाहेर आले. त्यानं तेजश्रीकडे पाहिलं. तो काही क्षण तसाच उभा राहिला आणि जसा आला तसा उलटा आत गेला.

म्हाळूआबा किती वेळ आत होते? फोनचा नंबर म्हणून दाखवायला लागतो तेवढा वेळ, असं त्यांनी सांगितलं. मग ते उतरले, स्टेपनी चढवली, तीनच नट आवळले आणि माणसाच्या चालीनं गाडी वस्तीवर आणली. उतरताना रंगुबाईंनी नेहमीसारखं विचारलं, सकाळी किती वाजता.

दुसऱ्या दिवसापासून गाडी अंगणात उभी राहिली. टायर नाही, असं ते सगळ्यांना सांगू लागले. घरात भांडं पडलं तरी ते दचकायचे. अंधार पडायच्या आत दाराला कडी घालायचे आणि मग उठून पुन्हा ती ओढून बघायचे. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंना वाटलं, बिबट्या पाहिल्यामुळे असं होतंय. ते खरंच होतं, पण अर्धं. त्यांना दुसरीही भीती होती. अकरा बायकांपैकी कुणीतरी आज ना उद्या सांगेल, की हा माणूस आम्हाला रस्त्यावर सोडून आत जाऊन बसला. पारावर चार माणसं बोलत उभी दिसली की ते वाट बदलायचे. आठ दिवस गेले, दहा गेले, कुणीच काही बोललं नाही. त्यानं ते जास्तच घाबरले.

"मेंढरांपाशी होतो तवा लांडगा यायचा," ते मला म्हणाले. "काठी घेऊन मागं धावायचो मी. पन तवा कुत्री असायची, बाई. माझ्या आधी त्यांना कळायचं. गाडीला काय कळतंय?"

त्यांचा मुलगा बिरदेव रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे आणि बायकोमुलांसह कारेगावात खोली घेऊन राहतो. वडिलांची अवस्था ऐकून तो आला आणि सोबत एक उपाय घेऊन आला. कंपनीतून गोडाऊनला खोकी पोचवणारा एक ठेकेदार त्याच्या ओळखीचा होता, त्याला पिकअप हवी होती. दिवसभर एमआयडीसीतले डांबरी रस्ते, दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंती, ऊस कुठेच नाही. अट एवढीच, की गाडी पूर्ण पांढरी हवी, पत्र्यावर गंज दिसता कामा नये. टायर ठेकेदार बघत नाही. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नव्हते. म्हणून बिरदेवचा हिशेब असा, की आधी रंग करून घ्यावा आणि टायर सध्या रिमोल्डचे, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, बसवावेत.

बिरदेवचं बोलून व्हायच्या आत म्हाळूआबांनी होकार दिला. त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली, हेही त्यांनी मला लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेपनीवरच सावकाश चालवत ते शिरूरला कोंडिबा पेंटरकडे गेले. एसटी डेपोच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कोंडिबा तीस वर्षं गाड्या रंगवतो. त्यानं केबिनच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला तर पत्र्याची खपली हातात आली. सगळं खरवडावं लागेल, पुट्टी भरावी लागेल, मग रंग. सोमवारी गाडी आणून लावा, असं त्यानं सांगितलं.

परतीच्या वाटेवर, दुपारी चार-साडेचारला, म्हाळूआबांना चारीच्या रस्त्यावर त्या बायका दिसल्या. गाडी बंद झाल्यापासून त्या चालतच जात-येत होत्या. एकामागे एक, गळ्यात पट्टे, पुढे रंगुबाई ताट वाजवत. सगळ्यांत मागे तेजश्री होती आणि ती उलटी चालत होती. तोंड मागच्या रस्त्याकडे, आणि एका हातात पुढच्या बाईचा पदर घट्ट धरलेला. पाय अडखळला की पदर ओढला जायचा आणि सगळी ओळ थांबायची. ती सावरली की पुन्हा चालायची.

म्हाळूआबांनी गाडी थांबवली. कुणी काही न विचारता बायका हौद्यात चढल्या. रंगुबाई मात्र पुढे केबिनमध्ये येऊन बसल्या. बारा वर्षांत त्या कधी पुढे बसल्या नव्हत्या.

गाडी पुन्हा निघाली. मग म्हाळूआबा म्हणाले, "त्या दिवशी मी आत शिरलो. तुम्ही भाईर असताना."

"बघितलं की मी."

"कुणाला बोलला न्हाई?"

"काय बोलायचं?" रंगुबाई समोर रस्त्याकडेच बघत होत्या. "दार माझ्या बाजूला असतं तर मीबी शिरले असते."

पुढचं त्या सरळ बोलल्या. गाडी कंपनीत लावायची तर लावा, त्यात राग नाही, पण तसं सांगून टाका म्हणजे आम्ही दुसरी सोय बघू. रोज टायर नाही, टायर नाही म्हणू नका. म्हाळूआबांनी सांगितलं, की आपल्याला भ्या वाटतं, हात धड चालत नाहीत, अशा माणसाच्या भरवशावर तुम्ही कशाला बसता.

"मारुतरावांना भ्या वाटत न्हाई," रंगुबाई म्हणाल्या. "म्हनून तर त्या दिवशी शेवटचा वाफा लावून घेतला."

कोंडिबाच्या शेडमध्ये सोमवारी गाडी गेली नाही. टायर आधी, असं म्हाळूआबांनी ठरवलं, आणि बुधवारी ते आमच्या फाटकाशी आले.

एवढं सांगून झाल्यावर ते बाकड्यावरून उठले आणि विश्वजीतनं मांडून ठेवलेल्या टायरांकडे गेले. दिसायला सगळ्यांत देखणे रिमोल्ड होते, काळेभोर आणि खोल नक्षीचे. म्हाळूआबांनी त्यावरून हात फिरवला, मग रबर जिथे जोडलं होतं ती रेघ नखानं चाचपली आणि हात काढून घेतला. दुसरी एक जोडी नवी कोरी, कागद चिकटवलेली, बरीच स्वस्त. हिच्यासाठीच मला आणलं होतं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. ते टायर पाच वर्षांपूर्वी बनलेले निघाले. विश्वजीत जराही ओशाळला नाही. माल सावलीत होता, रबराला काही झालेलं नाही, असं म्हणाला. म्हाळूआबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. ते फक्त पुढच्या टायराकडे वळले आणि मला बोलावलं, "ह्याचं वाचा."

त्यांचा खरा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी तीन वेळा, तीन प्रकारे विचारला. हवा गेली तर गाडी किती चालेल? ट्यूबच्या टायरला काटा लागला की हवा भसकन जाते आणि जिथे आहात तिथे उतरावं लागतं, विश्वजीतनं सांगितलं. ट्यूबलेस असेल तर काटा आत रुतून बसतो, हवा हळूहळू जाते, चार-पाच किलोमीटर सहज काढता येतात. चारीचा रस्ता मारुतरावांच्या बांधापासून वस्तीपर्यंत तीन किलोमीटरचा आहे. म्हाळूआबांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

पण ट्यूबलेसला रिम चांगली लागते. त्यांच्या पाचपैकी दोन रिम्स वाकलेल्या आणि कडेनं गंजलेल्या होत्या. अशा कडेतून हवा गळत राहते. नव्या रिम्स परवडणाऱ्या नव्हत्या. दौंडला, रेल्वे लाइनच्या अलीकडे भंगारवाले आहेत, त्यांच्याकडे जुन्या पण सरळ रिम्स मिळतील, असं विश्वजीतनंच सुचवलं. रविवारी म्हाळूआबा न्हावऱ्यावरून दौंडला गेले आणि दिवसभर भंगाराच्या ढिगात बसून दोन रिम्स निवडल्या. जमिनीवर गरगर फिरवून, डोळा लावून, प्रत्येक रिम. कोंडिबानं त्या घासून, गंजावर लाल ऑक्साइड मारून दिल्या. तो आठवडा बायका मारुतरावांच्या ट्रॅक्टरमधून गेल्या. ते रंगुबाईंनी करायला लावलं. ट्रॅक्टर नसेल तर उद्यापासून टोळी नाही, एवढंच त्या बोलल्या होत्या.

बिरदेव फोनवर खूप बोलला. बाप हट्टानं मरायला निघालाय, असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्या बोलण्यात रागापेक्षा भीतीच जास्त होती. ठेकेदारानं दुसरी गाडी लावून घेतली. त्यानंतर दोन दिवस बिरदेवचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो स्वतःच आला, टेप घेऊन हौदा मोजला, आणि कारेगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला. चारी बाजूंनी आणि वरून बंद, मागे दार, दाराला कडी आतून. गाडी जाणारच असेल तर अशी जाऊ दे, असं तो आईला म्हणाला. वडिलांशी त्या दिवशी तो बोलला नाही.

आता रंग. जाळीला आणि हौद्याला तो लागणारच होता, नाहीतर पहिल्याच पावसात लोखंड गेलं असतं. कोणता लावायचा हे ठरवताना तेजश्रीनं एक गोष्ट सांगितली, जी कुणाच्या लक्षात आली नव्हती. संध्याकाळी रानातून गाडी दिसतच नाही. मातीच्या रस्त्यावर मातीच्या रंगाची गाडी. आवाज येतो, पण आहे कुठे ते कळत नाही, आणि मग गाडी आली का बघायला कुणालातरी उसाच्या कडेनं रस्त्यापर्यंत जावं लागतं. ते जाणं बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येत होतं.

तेव्हा पिवळा, असं म्हाळूआबांनी मनाशी धरलं. त्यांच्या मनातला पिवळा म्हणजे भंडाऱ्याचा, गडद, देवाचा. कोंडिबानं त्यांना आधी कायदा सांगितला. गाडीचा सगळा रंग बदलायचा तर कागदावर चढवावा लागतो, आरटीओत जावं लागतं. त्यापेक्षा केबिन आहे ती पांढरीच ठेवू, गंज काढून तेवढं जुळवून देतो, आणि हौदा-जाळी पिवळी करू. मग त्यानं डब्यांची झाकणं उघडली. पिवळ्यातही प्रकार निघाले. एका जुन्या पत्र्यावर त्यानं तीन पट्टे ओढून दिले. भंडाऱ्याचा, शाळेच्या बसचा आणि लिंबाचा. हे घेऊन जा आणि तुमच्या लोकांना दाखवा, म्हणाला.

त्या संध्याकाळी मला शाळेत उशीर झाला होता, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. बायका शाळेजवळच्या खळ्यावर उभ्या राहिल्या. दोनशे पावलांवर, चारीच्या अंगाला, ऊस सुरू होतो. पत्रा तिथे ठेवून कोणता पट्टा शेवटपर्यंत दिसतो ते बघायचं, असं ठरलं होतं. आधी तो जमिनीवर ठेवला, तर गवतात बुडाला. काठीला टांगला, तर वाऱ्यानं फिरला. शेवटी म्हाळूआबांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीशी, हातभर अंतरावर, ऊस होता.

सूर्य गेला होता. उजेड हळूहळू ओसरत होता, आणि आम्हाला तो ओसरेपर्यंत थांबायचं होतं. आधी भंडाऱ्याचा पट्टा काळवंडला. बसचा टिकून होता. रंगुबाई डोळे बारीक करून बघत होत्या. मी पट्ट्यांकडे बघतच नव्हते. मी त्या माणसाच्या पायांकडे बघत होते. धोतर हलत होतं, आणि वारा त्या वेळी थांबलेला होता. पत्रा मधूनच थरथरून वाजायचा, तो आवाज आमच्यापर्यंत यायचा. एकदा उसात काहीतरी फडफडलं, बहुधा पाखरू. म्हाळूआबांनी मान खांद्यात घातली. पण मान मागे वळवली नाही. वळले असते तर पत्रा वळला असता.

आठ-दहा मिनिटं झाली असतील. मला ती फार वाटली. बसचा पट्टाही विझला आणि लिंबाचा तेवढा उरला, फिकट, पण स्पष्ट. रंगुबाईंनी हात वर करून हाक दिली. म्हाळूआबांनी पत्रा टाकला आणि ते पळत आले. छपन्न वर्षांचा माणूस, एक वहाण तिथेच राहिलेली. खळ्यावर पोचल्यावर ते शाळेच्या भिंतीला धरून उभे राहिले आणि बराच वेळ त्यांची धाप थांबेना. कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. लिंबाचा, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. तो त्यांच्या आवडीचा नव्हता. पत्रा आणि वहाण आणायला त्या दिवशी कुणी गेलं नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा चालू झाली. चार नवे टायर आणि पाचवी स्टेपनीही तशीच, सगळे त्याच वर्षी बनलेले, आकडे मी वाचलेले. पांढरी केबिन आणि मागे लिंबासारखा पिवळा पिंजरा. वस्तीवरची मुलं हसली. आत बसलेल्या बायकांना बघून रस्त्यानं जाणारे थट्टा करायचे, पण फार कुणाला हसू येत नव्हतं. वनखात्याच्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला. हाच तो, असं काही जण म्हणाले. दुसऱ्या दिवशी चारीच्या ओल्या मातीत पुन्हा ठसे उठले होते.

फेब्रुवारीत एकदा, त्याच उसाच्या तुकड्यात, म्हाळूआबांना स्टिअरिंग जड लागलं. पुढच्या चाकाची हवा जात होती. त्यांनी वेग कमी केला आणि थांबले नाहीत. मागे बायकांचं बोलणं चालू होतं, कुणाला काही कळलं नाही. उरलेला सगळा रस्ता त्यांनी तशीच गाडी आणली आणि थेट बिरोबाच्या देवळासमोर उभी केली. बायका उतरून घरोघर गेल्यावरही ते केबिनमध्येच होते. सगुणाबाई बघायला आल्या तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर होता, आणि तो उचलता येत नव्हता. सगुणाबाईंनी खाली बसून दोन्ही हातांनी तो पाय बाजूला केला. टायरमध्ये बाभळीचा काटा होता, बोटाएवढा.

भीती गेली का, असं मी त्यांना मार्चमध्ये विचारलं. माझी स्कूटर बंद होती, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या गाडीतून निघाले होते. त्यांनी डाव्या हातातलं फडकं दाखवलं. ऊस सुरू झाला की तळहाताला घाम सुटतो, तो पुसायला ते जवळ ठेवतात. डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि पुन्हा डावीकडे. तेजश्री मागे दाराजवळ बसते, कडी तिच्या हातात असते, आणि कडी लागल्याचं तिनं ओरडून सांगितल्याशिवाय ते गिअर टाकत नाहीत. हे असंच राहणार, असं ते म्हणाले, तक्रार नसलेल्या आवाजात.

आम्ही मारुतरावांच्या बांधाशी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. कांदा काढणी चालू होती. म्हाळूआबांनी घड्याळात बघितलं आणि बरोबर पाचला हॉर्न दाबला, लांबलचक. बायकांनी हातातला कांदा होता तिथे टाकला आणि गाडीकडे चालायला लागल्या. मारुतराव मधल्या सरीतून हात करत आले. एवढा अर्धा वाफा राहिलाय, वीस मिनिटांचं काम आहे, अजून केवढं ऊन आहे बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हाळूआबांनी काच खाली करून सगळं ऐकून घेतलं. इंजिन चालूच ठेवलं होतं.

"उद्या काढतील," ते म्हणाले, आणि मागून तेजश्रीची हाक यायची वाट बघत राहिले.